पैलतीरावरचा किल्ला

‘पुन्हा’ हा यंदाच्या अंकाचा विषय आहे, असे संपादकांनी फोनवर सांगितले. ते ऐकून कुणाला जुनी शाळा आठवेल, कुणाला आजोळ. मला एक किल्ला आठवला.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी गेम १९८६ साली निघाला. त्यात राजाचा निरोप घेऊन तुम्ही राजवाड्याबाहेर पडता. अंगावर धड चिलखत नाही, गाठीला थोड्या मोहरा. शेजारी एक गाव, भोवती गवताळ माळ. चार पावले चाललात की पाण्यापलीकडच्या बेटावर एक किल्ला दिसतो. ज्याला मारायला तुम्ही निघालात तो ड्रॅगनलॉर्ड तिथेच बसला आहे. धोंडा भिरकावला तर पोचेल इतका तो जवळ आहे. पण मधल्या पाण्यावर पूल नाही आणि होडीही नाही. तेवढे पाणी ओलांडण्यासाठी सगळा अलेफगार्ड देश पायी तुडवावा लागतो.

शेवट पहिल्याच मिनिटाला दाखवायचा आणि तिथवर जायची वाट मात्र लोकांना विचारत शोधायला लावायची. गोष्ट सांगण्याची इतकी साधी आणि इतकी पक्की रीत मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. या मालिकेच्या पहिल्या दोन भागांचा नवा रीमेक ३० ऑक्टोबर २०२५ला यायचा होता. तिसऱ्या भागाचा रीमेक १४ नोव्हेंबर २०२४ला आला होता. तेव्हा ठरवले की हा विषय आठवणींवर लिहायचा नाही. जायचे, चालायचे आणि पाहून यायचे. श्रावणात सुरुवात केली. पहिले दोन भाग फोनवर, तिसरा भाच्याच्या घरी मोठ्या पडद्यावर, मग चौथा आणि पाचवा पुन्हा फोनवर.

आधी विचारा, मग चाला

ज्यांनी असे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. इथे बोटांच्या चपळाईचे काम नाही. लढाई पत्त्यांच्या डावासारखी पाळीपाळीने चालते. आधी तुम्ही वार करायचा, मग समोरचा करणार. घाई नाही, वाटले तर मध्येच उठून कुकर बंद करून या. प्रत्येक लढाईनंतर अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की लेव्हल वाढते, अंगात बळ येते, नवे मंत्र येतात. ज्याचा हात चपळ नाही त्यालाही वेळ आणि चिकाटी घालून शेवटाला पोचता यावे, ही कर्त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी पुरी केली.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणे. गावात शिरायचे आणि दिसेल त्याच्यापुढे उभे राहायचे. म्हातारा, शिपाई, दुकानदार, परकरी पोर, प्रत्येकाकडे एखादे वाक्य असते. कुणी आपल्याच दुःखात असतो, कुणी गावगप्पा सांगतो, आणि एखादा सहज बोलून जातो की अमुक गावाच्या पुढे जाल तर सांभाळा. नकाशावर कुठेही कुंपण नाही. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस अचानक जड होतात, एवढीच सीमारेषा. मी पहिल्याच संध्याकाळी एक पूल जास्तीचा ओलांडला आणि मेले. शुद्ध आली ती थेट राजासमोर, निम्म्या मोहरा गमावून. त्या पुलाजवळ नंतर पाऊल आपोआप थबकायचे. शिकवणी अशी दिली जाते.

ड्रॅगनलॉर्डच्या किल्ल्याआडच्या त्या पाण्यावर इंद्रधनुष्याचा पूल टाकायला तीन वस्तू लागतात. त्यातली एक, सूर्यमणी, मी अर्धा देश पालथा घालून शोधत होते. तो होता मी निघाले त्याच राजवाड्याच्या तळघरात. तटबंदीच्या कडेने, खेळाडू सहसा जात नाही अशा बाजूने चालत गेले की खाली उतरणारा जिना लागतो. दुसरी वस्तू एका दलदलीत पुरलेली आहे. कँटलिन नावाच्या कोटबंद गावातला म्हातारा तिचा पत्ता सांगतो: राजवाड्यापासून दक्षिणेला ७०, पूर्वेला ४०. पण माळरानावर आपण राजवाड्यापासून किती दूर आलो, हे कळणार कसे? तुम्ही सोडवून आणलेल्या राजकन्येने तिच्या प्रेमाची खूण म्हणून एक वस्तू दिलेली असते. ती विचारली की राजकन्येचा आवाज येतो आणि घर किती लांब आहे ते ती सांगते. प्रेमाची निशाणी हेच होकायंत्र! मी दलदलीत एकेक पाऊल टाकत होते, विषाने जीव कमी होत होता आणि आकडे जुळत आले होते. बरोबर त्या चौकोनावर उभी राहून ‘शोधा’ दाबले, आणि वस्तू मिळाली तेव्हा मी खरोखर उठून उभी राहिले.

चौसष्ट किलोबाइट

हे सगळे जग ६४ किलोबाइटांत बसवलेले होते. आज फोनने काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. कॅसेटमध्ये जागा इतकी अपुरी होती की कताकाना लिपीतली सगळी अक्षरे घेता आली नाहीत. मोजकी अक्षरे निवडली आणि राक्षसांची, गावांची, मंत्रांची नावे त्याच अक्षरांत जुळवली. पात्राला पाठ फिरवता येत नव्हती. ते कायम तुमच्याकडे तोंड करून खेकड्यासारखे आडवे चालायचे. म्हणून कुणाशी बोलायचे झाले तर उत्तर, दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे यादीतून निवडावे लागे.

या खटाटोपामागचा माणूस युजी होरी. जन्म १९५४चा, आवाजी बेटावरच्या सुमोतो गावचा. त्याला व्यंगचित्रकार व्हायचे होते, झाला मासिकांत लिहिणारा फ्रीलान्सर. एनिक्स कंपनीने भरवलेल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत त्याच्या टेनिसच्या गेमला बक्षीस मिळाले. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा हा शाळकरी मुलगाही जिंकला होता. अमेरिकेत ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे गेम गाजत होते, पण ते होते जाणकारांचे आणि किचकट. होरी-नाकामुरा जोडीने एकाची लढाई घेतली, दुसऱ्याचा वरून दिसणारा नकाशा घेतला आणि टीव्हीसमोर बसलेल्या पोरांना कळेल असे ते सोपे केले. मूळ गेममध्ये तुम्ही राजाच्या दालनात कोंडलेले असता. पेटी उघडायची, त्यातली किल्ली घ्यायची, दार उघडायचे, जिना उतरायचा. एवढे जमले की बाहेर. नियमांचे पुस्तक वाचायची गरज राहत नाही. मासिकात लिहून हात बसलेल्या माणसाचे हे काम आहे. वाचक पहिल्या परिच्छेदात अडखळू नये, ही काळजी त्यात दिसते.

चित्रे अकिरा तोरियामांची. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला त्यांची रेषा नाव न सांगताही ओळखू येईल. होरीने स्लाइम हा सगळ्यांत दुबळा राक्षस म्हणजे चिखलाचा गोळा असा काढून दिला होता. तोरियामांनी त्याचा पाण्याचा थेंब केला, त्याला दोन गोल डोळे दिले आणि हसू दिले. तो निळा थेंब आज सगळ्या मालिकेची ओळख आहे. मारायच्या पहिल्याच शत्रूवर माया जडावी, ही तोरियामांची करामत.

संगीत कोइची सुगियामांचे. वय पंचावन्नच्या घरात, टीव्ही आणि जाहिरातींच्या संगीतात नावाजलेले. एनिक्सच्या एका बुद्धिबळासारख्या गेमबद्दल अभिप्रायाचे पोस्टकार्ड त्यांनी कंपनीला धाडले, आणि त्या पोस्टकार्डातून ओळख झाली. टीव्हीला जोडायच्या त्या यंत्रातून सुरांचे तीन धागे आणि एक खरखर एवढेच निघायचे, त्यातलाही एखादा धागा मधल्या आवाजांना द्यावा लागे. त्यात त्यांनी राजवाड्याला दरबारी थाट दिला. पहिल्या भागातल्या गुहेत एकेक मजला खाली उतरा, तीच चाल आणखी संथ आणि आणखी खर्जात जाते. हेडफोन लावून हे ऐकताना छातीवर ओझे येते. त्यांची सुरुवातीची धून २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, देशोदेशींचे खेळाडू मैदानात शिरायला लागले तेव्हा वाजली.

वीस अक्षरांचा मंत्र

नव्वदीत मिरजेच्या आमच्या घरीही टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. पिवळ्या कॅसेटी, त्यावर ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, रणगाड्यांचा गेम. असला लांब पल्ल्याचा, वाचत खेळायचा गेम त्या ढिगात मला कधी दिसला नाही. आज त्याचे कारण कळते. त्या गेमला भाषा लागते आणि आठवण लागते.

पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या कॅसेटला आठवण नव्हती. टीव्ही बंद केला की सगळे पुसले जायचे. म्हणून उठताना राजाकडे जायचे. तो हिरागाना लिपीतल्या २० अक्षरांचा मंत्र द्यायचा. वहीत उतरवायचा, दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा भरायचा, की तुमची लेव्हल, मोहरा, सामान परत. जपानीत याला पुनरुज्जीवनाचा मंत्रच म्हणतात. १९८७च्या दुसऱ्या भागात नायक तीन झाले आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. हिरागानात ‘नु’ आणि ‘मे’ ही अक्षरे जुळ्या बहिणींसारखी दिसतात; फरक शेवटच्या एका गाठीचा. आपल्याकडे घाईत लिहिलेला ‘घ’ आणि ‘ध’ ओळखताना जे होते तेच. एक अक्षर चुकले की आठवड्याची मेहनत गेली. त्या पिढीच्या जपानी मुलांना मंत्र उतरवलेल्या वह्या जशा आठवतात, तशा आपल्याला पाढ्यांच्या आठवतात.

बॅटरीवर चालणारी आठवण तिसऱ्या भागात आली. तो १० फेब्रुवारी १९८८ला, बुधवारी, विक्रीला आला. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी पकडले. कामाच्या दिवशी हा गेम विकायचा नाही असा जपानने कायदाच केला, असे पुढे जगभर सांगितले गेले. तसा कायदा कधी झालेला नाही. पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी येऊ लागले, एवढे खरे.

मिरीच्या बदल्यात जहाज

तिसऱ्या भागावर मी सर्वांत जास्त रेंगाळले, आणि त्याला कारण आहे.

नायकाचा सोळावा वाढदिवस. आई सकाळी उठवते आणि राजवाड्यापर्यंत सोडायला येते. खानावळीत जाऊन साथीदार निवडायचे: योद्धा, पुजारी, मांत्रिक, व्यापारी, विदूषकसुद्धा. बाहेर पडलात की हळूहळू लक्षात येते, हा नकाशा आपण भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला आहे. रोमाली हे राज्य इटलीच्या जागी. वाळवंटात पिरॅमिडवाले आयसिस. पश्चिमेच्या टोकाला पोर्तोगा नावाचे बंदर. या पोर्तोगाच्या राजाकडे जहाज आहे, आणि ते तो द्यायला तयार आहे. अट एकच: पूर्वेकडून काळी मिरी आणून द्या.

मी खुर्चीत सरसावून बसले. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी सुपारीच्या झाडावर चढलेली मिरवेल पाहिली आहे, त्या कुणालाही या राजाची ओळख वेगळी करून द्यायला नको. वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला उतरला तो याच वासावर. १५१०मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला आणि पुढे साडेचारशे वर्षे पोर्तुगीज तिथून हलले नाहीत.

राजाचे पत्र घेऊन डोंगरातल्या नॉरुड नावाच्या बुटक्याकडे जायचे. तो भिंत फोडून पूर्वेची वाट मोकळी करतो. पलीकडे, नदीकाठी, एक गाव लागते. इंग्रजी आणि जपानीतही त्याचे नाव बहाराता. आपल्या तोंडी हे नाव आपोआप सरळ होते. गावात मिरीचे दुकान आहे, पण म्हातारा मालक विकायच्या मनःस्थितीत नाही. त्याची नात तानिया पळवून नेलेली आहे. तिच्यावर जीव असलेला गुप्ता नावाचा तरुण तिला सोडवायला जातो आणि तोही अडकतो. होय, गुप्ताच. तुम्ही दोघांना गुहेतून सोडवून आणता. परत येऊन पाहाल तर दुकानात गुप्ता बसला आहे, आणि तो मिरी देतो. पैसे घेत नाही.

इतिहासात जहाजे आधी आली आणि मिरी मागाहून गेली. त्या जहाजांवर तोफा होत्या, आणि आपल्याच समुद्रात फिरायला इथल्या नाखव्यांना पोर्तुगीजांचा परवाना काढावा लागायचा. होरीच्या जगात क्रम उलटा आहे: पायी गेलेला एक सोळा वर्षांचा मुलगा उपकाराची फेड म्हणून मिळालेली मिरी घेऊन येतो, आणि मग त्याला जहाज मिळते. एका जपानी लेखकाने शाळेत शिकलेला मसाल्याचा व्यापार मनात घोळवला आणि त्याची परीकथा केली. मला ती आवडली. त्या गावात मी विनाकारण तीनदा जाऊन आले.

जहाज मिळाले की गेम उघडतो, कुठेही जा. जिपांगमध्ये, म्हणजे जपानमध्ये, मुलींचा बळी मागणारा अनेक तोंडांचा सर्प आहे. नकाशावर अमेरिका असायला हवी तिथे उजाड माळावर एक म्हातारा एकटा उभा आहे. त्याला गाव वसवायचे आहे आणि त्यासाठी तो तुमच्याकडे एक व्यापारी मागतो. तुम्ही वाढवलेला साथीदार तिथे कायमचा सोडून द्यायचा. दर वेळी परत जावे तर दोन घरे वाढलेली, मग बाजार, मग नाट्यगृह. आणि एकदा गेलात की कळते, लोकांना राबवून राबवून तुमचा व्यापारी त्यांच्या रोषाला कारण झाला आहे. तो तुरुंगात आहे. मी गजाआडून त्याच्याशी बोलले. आम्ही दोघे एकत्र स्लाइम मारत मोठे झालो होतो.

या भागाचा शेवट जगात सर्वश्रुत आहे, तरी ज्यांना कोरे राहायचे आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

मोठ्या राक्षसाला मारून परत यावे, मिरवणूक निघावी, आणि तेवढ्यात त्याच्याही वरचा शत्रू गर्जतो; मग एका प्रचंड विवरात उडी मारून तुम्ही खाली पोचता. खाली कायमचा अंधार असलेला एक देश. राजवाडा, शेजारी गाव, पाणी, पाण्यापलीकडे बेट. अलेफगार्ड! पहिल्या भागात ज्या पुराणपुरुषाची तलवार तुम्ही शोधत होतात, तो पुराणपुरुष तुम्हीच. मी श्रावणात ज्या वाटेने गेले होते तिच्यावर भाद्रपदात पुन्हा उभी होते, आणि तो किल्ला तिथेच दिसत होता.

मातीचा किल्ला

नव्या रीमेकच्या शैलीला एचडी-टूडी म्हणतात. २०१८च्या ‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर’पासून ती रूढ झाली. पात्रे जुन्यासारखीच, ठिपक्याठिपक्यांची, सपाट. पण भोवतालचे जग खोलीचे: पाण्यावर ऊन चमकते, कंदिलाची सावली पडते, जवळचे आणि लांबचे धूसर होते. हे कसे दिसते ते मराठी माणसाला समजावणे फार सोपे आहे. दिवाळीत अंगणात केलेला किल्ला आठवा. खरी माती, खरे पाणी, खरे हळीव उगवलेले, आणि त्यावर मापात न बसणारे रंगीत मावळे. डोळे जमिनीला लावून त्या किल्ल्याकडे पाहिले की काही क्षण तो खरा होतो. एचडी-टूडी म्हणजे तो क्षण धरून ठेवणे.

तिसऱ्या भागाच्या रीमेकची घोषणा २७ मे २०२१ची, मालिकेच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची. गेम यायला साडेतीन वर्षे लागली. सुगियामा २०२१च्या सप्टेंबरमध्ये गेले. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. दोघांनीही तो पूर्ण झालेला पाहिला नाही. धून पूर्ण वाद्यवृंदात वाजते आणि निळा थेंब हसत उडी मारतो, तेव्हा हे मनातून जात नाही.

भाच्याने हा तिसरा भाग माझ्याबरोबरच सुरू केला होता. त्याच्या पडद्यावर पुढच्या मुक्कामाची खूण सतत चमकत होती. तो गावात शिरायचा, खुणेपाशी जायचा, बाहेर पडायचा.

“म्हातारीशी बोल ना,” मी म्हटले.

“कशाला मावशी? कुठं जायचंय ते दिसतंय की.”

खुणेचा हा पर्याय बंद करता येतो. मी त्याला एका संध्याकाळपुरता बंद करायला लावला. त्यानंतर तो नोआनिएल या गावी पोचला. ते गाव शापाने झोपलेले आहे: रस्त्यात, दारात, दुकानात माणसे उभ्याउभ्या गाढ झोपलेली. त्याने एकेकाला हलवून पाहिले. उत्तर नाही. तो अस्वस्थ झाला, घराघरात शिरला, जिने चढला, आणि शेवटी एका घरात जागा असलेला एकच म्हातारा त्याला सापडला. त्याने एल्फांच्या शापाची हकिकत सांगितली. भाचा ती हकिकत पुरती वाचत होता, ओठ हलवत. खूण त्याने नंतर पुन्हा सुरू केली नाही.

रीमेकने काय सुधारावे आणि काय राखावे, याचे माझ्यापुरते उत्तर त्या संध्याकाळी मिळाले. ५२ अक्षरांचा मंत्र गेला ते फार चांगले झाले. आपोआप सेव्ह होते, अवघडपणा निवडता येतो, तेही चांगले. पण विचारपूस काढून टाकली तर या गेममध्ये नुसते चालणे उरते. खूण पर्यायी ठेवली, हा निर्णय मला पटतो.

आता दुसऱ्या भागाकडे माझे लक्ष आहे. त्याचा शेवटचा टप्पा, रोनची गुहा आणि पलीकडचे पठार, निर्दय म्हणून कुप्रसिद्ध आहे. फरशीतून खाली पडायचे, एका मंत्रात मरायचे. मी फोनवर तिथे चार रविवार घालवले. पण याच भागात एक गोड प्रसंग आहे: कॅनॉकच्या राजपुत्राला बरोबर घ्यायचे असते आणि तो प्रत्येक ठिकाणाहून नुकताच गेलेला असतो. तुम्ही त्याला शोधता, तो तुम्हाला. शेवटी सराईत निवांत बसलेला सापडतो. नव्या रीमेकमध्ये त्याची धाकटी बहीण चौथी साथीदार म्हणून येते आणि समुद्राखालचे जगही उघडते. पठार थोडे सौम्य झाले असेल तर माझी हरकत नाही. राजपुत्राची चुकामूक मात्र तशीच हवी.

ऑक्टोबरअखेर

चौथ्या भागातला टॉर्नेको हा ढेरपोट्या गृहस्थ दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर तलवारी विकतो आणि घरी बायको-मुलाकडे परततो. राक्षस मारण्याच्या गेममध्ये एक अख्खे प्रकरण दुकानदारीचे. पाचव्यात लहानगा नायक बापामागून चालतो. प्रत्येक लढाईनंतर बाप न सांगता त्याची जखम बरी करतो. पुढे तो बाप नसतो, आणि लढाई संपल्यावर काहीच होत नाही, तेव्हा त्याचे नसणे कळते. या पाचव्याचा एचडी-टूडीत रीमेक व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पण जाहीर झाला तो सातव्याचा. त्याची तारीख ५ फेब्रुवारी २०२६ ठरली. त्यासाठी पात्रांच्या बाहुल्या खरोखर हाताने घडवल्या आणि त्या स्कॅन करून पडद्यावर आणल्या. पुन्हा मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळेच. बाराव्या भागाचे नाव २०२१मध्ये सांगितले गेले. गेम अजून आलेला नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी तिसरा भाग घ्यावा, मग पहिला, मग दुसरा. कथेचा क्रम तोच आहे आणि रीमेकही त्याच क्रमाने आले. फराळाची ताटे उचलली, पाहुणे गेले, की चार-पाच संध्याकाळी हाताशी असतील. सेटिंगमध्ये जाऊन खूण बंद करा, आणि पहिल्या गावात भेटेल त्या प्रत्येकाशी बोला.